चेटकीण हा शब्द आणि चेटकिणीच्या नावाच्या वनस्पती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पतिशास्त्र शिकवताना इंग्रजी नावांतला ‘विच’ हा शब्द आला, की वर्गात हमखास हात वर होतात. या झाडाचा आणि चेटकिणीचा काय संबंध, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. पण प्रत्येक झाडापाशी त्याचे उत्तर वेगळे आहे. काही नावांत चेटकीण मुळातच नाही, काहींत ती ग्रीक पुराणातून आली आहे, तर काही नावे माणसाला न समजलेल्या रोगाला दिलेली आहेत. विद्यार्थी, शेतकरी आणि वाचनाची आवड असलेले स्नेही यांनी वर्षानुवर्षे विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

चेटकीण, डाकीण, हडळ, जखीण हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

बोलताना आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, परंतु त्यांच्यात एक मोठा भेद आहे आणि तो ध्यानात ठेवलाच पाहिजे. हडळ आणि जखीण ही भुते आहेत. लोकसमजुतीप्रमाणे मेलेल्या बाईचे ते रूप आहे. कोकणात लावसटही याच वर्गात मोडते. चेटकीण आणि डाकीण हे शब्द मात्र जिवंत बाईला चिकटवले जातात. तिच्यावर चेटूक केल्याचा, मूठ मारल्याचा, करणी केल्याचा आळ येतो. हडळीची गोष्ट सांगून फार तर मुले घाबरतात. डाकीण म्हटलेल्या बाईचे घर जाते, शेत जाते आणि कधी जीवही जातो.

व्युत्पत्तीकडे पाहिले, तर यातले दोन शब्द पूर्वी बरेच प्रतिष्ठित होते. जखीण म्हणजे यक्षिणी. प्राचीन शिल्पांत झाडाची फांदी धरून उभी असलेली, समृद्धी देणारी ती हीच. डाकीण म्हणजे डाकिनी. तांत्रिक बौद्ध परंपरेत ती ज्ञान देणारी आहे, आणि तिबेटी भाषेत तिच्यासाठी असलेल्या शब्दाचा अर्थ आकाशातून विहार करणारी असा होतो. तेच शब्द खेड्यापाड्यांत उतरेपर्यंत यक्षिणीची भूतबाधा झाली आणि डाकिनीचा आळ झाला. चेटकिणीच्या बाबतीत संस्कृतातले ‘चेट’ आणि ‘चेटक’ हे शब्द आठवतात. त्यांचा अर्थ सेवक किंवा दास. मंत्राने बांधून सांगकाम्यासारखे राबवलेले भूत ही चेटकामागची कल्पना त्या अर्थाशी जुळते.

‘जादू’ हा शब्द परका आहे ना?

मराठीत तो फारसीतून आला, हे खरे. पण फारसी ‘जादू’ ज्या जुन्या इराणी शब्दातून आला, तो ‘यातु’ ऋग्वेदातही आहे. तेथे यातु म्हणजे अघोरी शक्ती आणि यातुधान म्हणजे ती वापरणारा. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी एक इकडे आली, दुसरी इराणात गेली आणि अनेक शतकांनी पहिलीच्या भेटीला आली. ‘जादूटोणा’ या शब्दात तिची गाठ देशी ‘टोण्या’शी पडली आहे.

इंग्रजीतला ‘विच’ मुळात बाईच होती का?

नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘विक्का’ हे पुल्लिंगी रूप होते आणि ‘विच्चे’ हे स्त्रीलिंगी. दोघेही चेटूक करणारे. लिंगभेद दाखवणारे प्रत्यय झिजल्यावर एकच शब्द उरला आणि तो हळूहळू बायकांच्याच वाट्याला आला. जर्मन ‘हेक्से’ हा वेगळ्या कुळातला शब्द आहे. त्याच्या सर्वांत जुन्या रूपाचा पहिला भाग सामान्यतः कुंपणाशी जोडला जातो. गाव आणि रान यांच्या सीमेवरच्या कुंपणाजवळ वावरणारी बाई, असे चित्र त्यातून उभे राहते. आपल्याकडेही असा आळ बहुधा वेशीजवळ, एकटी राहणाऱ्या बाईवरच येतो.

विच हेझल या झाडाचा चेटकिणीशी काय संबंध?

काहीही नाही, आणि हे मी दर वर्षी पुन्हा सांगतो. जुन्या इंग्रजीत ‘विचे’ असा आणखी एक शब्द होता. त्याचा संबंध लवचीकपणाशी, सहज वाकण्याशी आहे. युरोपातल्या एल्म वृक्षाच्या एका जातीला विच एल्म म्हणतात ते याच कारणाने. पुढे तो शब्द विस्मरणात गेला, उच्चार तेवढा राहिला आणि लोकांनी त्यात ओळखीची चेटकीण पाहिली.

विच हेझल हे झुडूप पूर्व उत्तर अमेरिकेतले असून त्याचे शास्त्रीय नाव हॅमामेलिस व्हर्जिनियाना आहे. पाने हेझल या दुसऱ्या झाडाच्या पानांसारखी, म्हणून पुढचे नाव. या झुडपाच्या वागण्यानेही गैरसमजाला खतपाणी घातले. बाकीची झाडे पाने गाळत असतात, त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे फुलते; फुलाच्या पाकळ्या म्हणजे पिवळ्या कागदाच्या चुरगळलेल्या अरुंद पट्ट्याच. फळ वाळले की फट्कन उकलते आणि काळे, चकचकीत बी कित्येक मीटर लांब उडते. त्यातच जमिनीखालचे पाणी शोधणारे लोक याची दुबेळकी फांदी हातात धरून फिरत. पाणाड्याची फांदी आपल्याही ओळखीची आहे, तेव्हा हे चित्र मराठी वाचकाला नवखे वाटू नये.

तेथील मूळ रहिवासी या झुडपाची साल आणि डहाळ्या उकळून सूज व जखमेवर लावत. न्यूयॉर्क राज्यातले औषधविक्रेते थेरॉन पॉण्ड यांनी १८४६ मध्ये त्याचा अर्क बाजारात आणला, आणि आपल्या आई-आजीच्या कपाटातल्या पॉण्ड्स क्रीमचे नाव त्यांच्यावरूनच आले आहे. होमिओपॅथीच्या दुकानात ‘हॅमामेलिस’ असे लिहिलेली बाटली दिसते, तीही याच झुडपाची.

‘विचवीड’ म्हणजे आपल्याकडचे कोणते तण?

टारफुला. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्या मुळांवर जगणारे हे परोपजीवी तण आहे. शास्त्रीय नाव स्ट्रायगा. लॅटिनमध्ये या शब्दाचा एक अर्थ चेटकीण असा आहे आणि इटालियन भाषेत चेटकिणीला आजही ‘स्त्रेगा’च म्हणतात. १७९० मध्ये पोर्तुगीज धर्मोपदेशक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लोरेरो यांनी हे प्रजातीनाम प्रसिद्ध केले.

हे नाव एवढे का रुजले, ते शेतात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. एका शेतात ज्वारीचा पट्टा खुरटलेला पाहिला होता. पाऊस झाला होता, जमिनीत ओल होती, पण पाने दुपारी गुंडाळली जात होती आणि कडेने पिवळी पडली होती. शेजारच्या तासात मात्र पीक डोक्याएवढे. जमिनीवर तण दिसत नव्हते, कीड नव्हती. शेतकऱ्याच्या वयस्कर आईने कोणाची तरी नजर लागल्याचे सांगितले. एक ताट माती न झटकता सावकाश उपटून बादलीतल्या पाण्यात धुतले, तेव्हा ज्वारीच्या मुळाला बिलगलेले पांढुरके, मऊ कोंब दिसले. त्यांना हिरवेपणाचा मागमूसही नव्हता. अजून जमिनीबाहेर न आलेला हा टारफुला होता. त्याने ज्वारीच्या मुळात स्वतःचे शोषक अवयव रुतवले होते आणि पाणी व अन्न दोन्ही तो ओढून घेत होता. बरेचसे नुकसान असे जमिनीखालीच उरकते. हिरवी रोपे आणि आपल्याकडे बहुधा पांढरी दिसणारी इवलीशी फुले वर येतात, तेव्हा वेळ निघून गेलेली असते. कारण दिसत नाही आणि परिणाम दिसतो, अशा जागी माणूस चेटकीण उभी करतो. येथे आफ्रिका, युरोप आणि महाराष्ट्र यांत फरक नाही.

टारफुल्याचे बी धुळीच्या कणाएवढे असते, एक रोप अशी हजारो बिया देते आणि त्या जमिनीत दहा-दहा वर्षे जिवंत राहू शकतात. बी आपणहून रुजत नाही. यजमान पिकाच्या मुळांतून झिरपणारे विशिष्ट रसायन जवळ पोहोचले, तरच ते जागे होते. यातले पहिले रसायन १९६६ मध्ये कपाशीच्या मुळांतून वेगळे करण्यात आले आणि तणाच्या नावावरून त्याला स्ट्रायगॉल म्हणण्यात आले. पुढे त्या साऱ्या गटाचे नाव स्ट्रायगोलॅक्टोन झाले. वनस्पती हे रसायन तणासाठी मुळीच सोडत नाहीत. मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या उपकारक बुरशीला बोलावण्याचा तो संदेश आहे, हे २००५ मध्ये उलगडले, आणि झाडाला किती फांद्या फुटाव्यात हेही तेच रसायन ठरवते, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. मित्राला घातलेली साद टारफुला चोरून ऐकतो. वनस्पतींच्या एका महत्त्वाच्या संप्रेरकाच्या नावात चेटकीण कायमची बसली आहे, याचे मला दर वेळी नवल वाटते.

टारफुला दिसला तर काय करावे?

फुलावर येण्यापूर्वी उपटून काढावा आणि बांधावर टाकू नये. फुलांतून बी तयार झाले, तर पुढची कित्येक वर्षे ते शेत सोडत नाही. त्याच जमिनीत दर वर्षी ज्वारी किंवा ऊस घेणे टाळावे. कपाशी, सोयाबीन, भुईमूग यांसारखी काही पिके टारफुल्याच्या बियांना रुजवतात, पण त्यांच्या मुळांवर हे तण जगू शकत नाही, त्यामुळे रुजलेले कोंब उपाशी मरतात. फेरपालटाचे महत्त्व यात आहे. खतावर, विशेषतः नत्रावर पोसलेल्या जमिनीत प्रादुर्भाव कमी राहतो. हलक्या, भुकेल्या जमिनीत तो जास्त.

सर्सीच्या नावाची वनस्पती कोणती?

सर्सिया लुटेशियाना. ग्रीक महाकाव्यातील सर्सी ही जादूगारीण ओडिसियसच्या खलाशांना डुकरे बनवते. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने वापरलेले प्रजातीनाम तिच्यावरून आहे. ‘लुटेशिया’ हे पॅरिसचे रोमन नाव. इंग्रजीत या वनस्पतीला जादूगाराची नाइटशेड म्हणतात, पण ती नाइटशेडच्या, म्हणजे वांगी-धोतऱ्याच्या कुळातली नाही. ती सावलीतली नाजूक, निरुपद्रवी वनस्पती आहे. फळांवर आकडेदार केस असल्याने ती कपड्यांना चिकटते, एवढीच तिची खोडी. प्राचीन ग्रीक लेखक सर्सीचे नाव मँड्रेक या विषारी मुळाशी जोडत. ते नाव या साध्या वनस्पतीला मिळाले, हे थोडे अन्यायाचेच झाले.

आणि बेलाडोना?

तिच्या बाबतीत मात्र भीती रास्त आहे. अ‍ॅट्रोपा बेलाडोना या नावाचा पहिला भाग अ‍ॅट्रोपोसवरून आला आहे. माणसाच्या आयुष्याचा धागा कापणारी ती ग्रीक देवता. दुसऱ्या भागाचा अर्थ इटालियनमध्ये ‘सुंदर स्त्री’, कारण तिचा रस डोळ्यांत घालून बाहुल्या मोठ्या दिसाव्यात असा प्रघात होता. युरोपात चेटकिणींच्या लेपांच्या ज्या कथा लिहिल्या गेल्या, त्यांत हिचे, खुरासानी ओव्याचे आणि धोतऱ्याच्या जातभाईंचे नाव वारंवार येते. या सगळ्यांत अ‍ॅट्रोपीनच्या गटातली द्रव्ये आहेत, आणि ती भ्रम निर्माण करतात. आपण हवेत उडत आहोत असे एखाद्याला वाटले असेल, तर त्याचे कारण रसायनात आहे.

त्याच अ‍ॅट्रोपीनने महाराष्ट्रात असंख्य जीव वाचवले आहेत. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा झाली, की रुग्णाच्या तोंडाला फेस येतो, छाती स्रावाने भरते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तेव्हा डॉक्टर पहिले इंजेक्शन अ‍ॅट्रोपीनचे देतात आणि छाती कोरडी होईपर्यंत देत राहतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तालुक्याच्या रुग्णालयात हे औषध मुबलक असणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे फवारणीच्या दिवसांत कळते. याचा अर्थ धोतरा किंवा बेलाडोना घरी वापरून पाहावी असा मुळीच नाही. औषध आणि मृत्यू यांच्या मात्रेत येथे फार थोडे अंतर आहे.

झाडावर दिसणारा ‘चेटकिणीचा झाडू’ म्हणजे काय?

एकाच जागेतून आखूड, बारीक फांद्यांचा गच्च झुपका फुटतो, त्याला युरोपात हे नाव पडले. चेटकीण रात्री येथे विसावते किंवा आपला झाडू टाकून जाते, असा समज होता. वास्तविक बुरशी, कोळी वर्गातली बारीक कीड (माइट), फायटोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जिवाणू किंवा कोंबातला आपोआप झालेला जनुकीय बदल अशी निरनिराळी कारणे त्यामागे असतात. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात १९८९ मध्ये याच नावाचा बुरशीजन्य रोग कोकोच्या बागांत शिरला आणि तेथील कोको उत्पादन कोलमडले.

आपल्या वांग्याच्या आणि तिळाच्या पिकातही फायटोप्लाझ्मामुळे बारीक पानांचे झुपके येतात, फुलांच्या जागी हिरवी पाने फुटतात. तुडतुडे हा रोग पसरवतात. कृषी विभागाच्या पुस्तिकांत त्याला ‘पर्णगुच्छ’ म्हणतात. हे नाव मला मनापासून आवडते. ते जे दिसते तेवढेच सांगते आणि कोणावर आळ घेत नाही.

अमरवेलीला चेटकिणीचे केस म्हणतात, हे खरे का?

होय, इंग्रजी लोकभाषेत तसे एक नाव आहे. कुंपणावर पसरलेले पिवळे, पानरहित, मुळांवाचूनचे धागे पाहिले की ते नाव पटते. आपण तिला निर्मुळीही म्हणतो आणि ते अधिक अचूक आहे.

मराठीत अशी भीतीदायक नावे असलेली झाडे आहेत का?

चेटकिणीच्या नावाचे ठसठशीत उदाहरण नाही, पण त्याच्या जवळ जाणारी आहेत. कांडोळाला काही भागांत भुताचे झाड किंवा भुत्या म्हणतात. पानगळीनंतर कोरड्या डोंगरउतारावर त्याचे पांढरे, गुळगुळीत खोड उघडे पडते. चांदण्या रात्री ते दुरून माणसासारखे उभे दिसते. दिवसा जवळ गेलात, तर सालीचे कागदी पापुद्रे सुटताना दिसतात आणि खोडावर खाचा दिसतात; आदिवासी त्यातून डिंक गोळा करतात. भुताच्या नावाचे हे झाड कित्येक घरांना रोजगार देते.

कळलावीचे नाव अधिक बोलके आहे. ते घरात आणले की भांडणे लागतात, असा समज आहे, आणि दुसरीकडे तिच्या कंदाचा संबंध प्रसूतीच्या कळांशी जोडला जातो. ‘कळलावी’ ही शिवी आपण बाईलाच देतो, हेही नोंदवायला हवे. कंदात कोल्चिसिन हे तीव्र विष असते. त्याने माणसे मेली आहेत. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुललेली वेल डोळे भरून पाहावी, पण कंद चघळू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये.

दृष्ट लागू नये म्हणून वापरलेल्या वनस्पतींचे काय?

युरोपात रोवन नावाच्या झाडाची फांदी गोठ्याच्या दारावर लावत, आपल्याकडे बिब्बा. त्याचे तेल त्वचेवर पडले, की भाजल्यासारखे फोड येतात. तान्ह्या बाळाच्या अंगाला बिब्बा लावण्याचा हट्ट धरू नये. बाळ रडते आहे, दूध घेत नाही, ताप आहे, तर त्याला दवाखान्यातच न्यावे.

चेटकीण ठरवलेल्या बायका खरोखर औषधी जाणणाऱ्या वैदू होत्या का?

ही कल्पना लोकप्रिय आहे आणि मला तिचे आकर्षण समजते. तरी ती पूर्णपणे टिकत नाही. युरोपात साधारण १४५० ते १७५० या काळात चेटकाच्या आरोपावरून सुमारे ४० ते ५० हजार जणांना ठार मारण्यात आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य बायका होत्या, पण आइसलँडमध्ये बहुतेक बळी पुरुष होते. औषध देणाऱ्या बायका त्यांत होत्या, तशा शेजारणीशी भांडण झालेल्या, निराधार, म्हाताऱ्या आणि कोणाला तरी नकोशा झालेल्या बायका कितीतरी अधिक होत्या.

बायकांकडे वनस्पतींचे ज्ञान होते, याची खात्रीची उदाहरणे मात्र आहेत. इंग्लंडमध्ये चेटकिणीचे हातमोजे असेही नाव असलेल्या फॉक्सग्लोव्हचे हृदयावरचे औषध डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये जगासमोर मांडले. श्रॉपशरमधल्या एका वृद्ध स्त्रीने गुप्त ठेवलेल्या घरगुती नुस्ख्यापासून आपण सुरुवात केली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तिचे नाव त्यांनी दिले नाही.

आज भारतात एखाद्या बाईला डाकीण म्हणणे हा गुन्हा आहे का?

बिहारने १९९९ मध्ये, झारखंडने २००१ मध्ये, छत्तीसगडने २००५ मध्ये आणि पुढे ओडिशा, राजस्थान व आसाम यांनी यासाठी कायदे केले. झारखंडच्या छुटनी देवी यांना गावाने डाईण ठरवून छळले होते. त्यांनी पुढे तशाच इतर बायकांना आसरा दिला. आसामच्या बिरुबाला राभा यांनी आयुष्यभर याच प्रथेविरुद्ध काम केले. या दोघींनाही २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्रात डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचे दूध आटवते किंवा रोगराई पसरवते, असे पसरवून तिचे जगणे कठीण करणे, हे त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिले आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. दूध आटवल्याचा आळ जुन्या युरोपातल्या खटल्यांत जसाच्या तसा सापडतो.

सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबारकडे, बाईला डाकीण ठरवण्याचे प्रकार अजून थांबलेले नाहीत. असे काही कानावर आले, तर भगताकडे शहानिशा करायला जाऊ नये. थेट पोलीस ठाणे गाठावे किंवा ११२ वर कळवावे. निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला या कायद्याखाली दक्षता अधिकारी म्हणून नेमता येते, तेव्हा ठाण्यात त्याच नावाने विचारावे. बाईला त्या रात्री गावात एकटी ठेवू नये. गाय दूध का देत नाही, हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टरांना बोलावून आणावे आणि त्यांनी गोठ्यात जे सांगितले, ते आळ घेणाऱ्यांसमोरच ऐकवावे.